घर किती वाजता सोडावे लागते?

२०११ च्या जनगणनेत शेती आणि घरगुती उद्योगाबाहेरच्या कामगारांना दोन गोष्टी विचारल्या होत्या: कामाची जागा घरापासून किती किलोमीटर, आणि तिथे कशाने जाता. उत्तरे टप्प्यांत मांडली गेली. ११ ते २० किलोमीटर, २१ ते ३०, ३१ ते ५०, ५१ च्या पुढे. ठाणे ते सीएसएमटी (छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस) लोहमार्गाने ३४ किलोमीटर आणि डोंबिवली ते सीएसएमटी ४८, म्हणजे दक्षिण मुंबईत, फोर्टात नोकरी करणारा ठाणेकर आणि डोंबिवलीकर एकाच रकान्यात. दोघांच्या सकाळीत अर्ध्या-पाऊण तासाचा फरक आहे, एकाला ठाण्याहून सुटणारी लोकल मिळते आणि दुसऱ्याला आधीच भरून आलेल्या गाडीत शिरावे लागते, यातले काहीही त्या तक्त्यात दिसत नाही.

अमेरिकेत दरवर्षीच्या घरोघर पाहणीत थेट विचारतात की तुम्ही कामासाठी घर सहसा किती वाजता सोडता आणि पोहोचायला किती मिनिटे लागतात. तिथली सरासरी एका बाजूची सुमारे २७ मिनिटे आहे, आणि कोण पहाटे ५ ला निघतो, कोण ९ ला, हे गावागणिक काढता येते. आपल्याकडे राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाची वेळ-वापर पाहणी २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये झाली. तिच्यात पहाटे ४ ते दुसऱ्या दिवशी पहाटे ४ असा दिवस अर्ध्या अर्ध्या तासाच्या तुकड्यांत नोंदवतात. पाहणी मोलाची आहे, पण राज्याचे चित्र दाखवण्यासाठी आखलेली आहे. कल्याण ते कुर्ला पट्ट्यातली माणसे किती वाजता उंबरठा ओलांडतात, याचे उत्तर तिच्यातून निघत नाही. मुंबईच्या प्रवासाबद्दलचे जवळजवळ सगळे सरकारी निर्णय गाड्या, डबे आणि किलोमीटर मोजून होतात. मोजायला हवी ती घर सोडण्याची वेळ, आणि ती वेळ ठरवते कार्यालयाचे मस्टर, म्हणजे हजेरीपट. रेल्वेचा क्रमांक त्यानंतरचा.

बदलापूरहून मंत्रालयात जाणाऱ्या कर्मचाऱ्याचा हिशेब मांडू. घर ते स्टेशन शेअर रिक्षाने १५ मिनिटे. पूल चढून फलाटावर आपल्या डब्याच्या जागी पोहोचायला ५. गाडीच्या आधी १० मिनिटे उभे राहावे लागते, कारण गाडी येताना फलाटावर पोहोचलेल्याला दारातही जागा नसते. ६८ किलोमीटरचा गाडीतला प्रवास सुमारे दीड तास. सीएसएमटीहून बस, शेअर टॅक्सी किंवा पायी २० मिनिटे. झाले २ तास २० मिनिटे. यात हाताशी राखून ठेवलेली १५ मिनिटे मिळवा. ९.४५ चे मस्टर गाठायला घर ७.१० ला सोडावे लागते. वेळापत्रक यातला फक्त दीड तास दाखवते. उरलेल्या तासाभरावर कोणाचीच जबाबदारी नाही.

त्या राखीव १५ मिनिटांची फोड केली पाहिजे, कारण सगळी गोम तिथे आहे. अनेक कार्यालयांत महिन्याला दोन लेटमार्क माफ असतात आणि तिसऱ्याला एक नैमित्तिक रजा कापली जाते. महिन्याचे कामाचे दिवस २२ धरले तर २० दिवस वेळेवर पोहोचणे भाग आहे, म्हणजे दहापैकी नऊ दिवस. रोजची गाडी सरासरीने किती वाजता पोहोचते याला मग काही अर्थ उरत नाही. जी गाडी वाईट दिवशीसुद्धा वेळेत पोहोचवेल ती धरावी लागते. सिग्नल बिघडणे, पावसात वेग उतरणे, दिव्याच्या फाटकावर गाड्या खोळंबणे, लांब पल्ल्याची गाडी पुढे काढणे, वातानुकूलित लोकलचे दार गर्दीने बंद न होणे, यातले काहीतरी आठवड्याला एकदा घडते. त्या एका दिवसासाठी उरलेले चार दिवस माणूस एक गाडी आधीची पकडतो. रोजची १५ मिनिटे, २२ दिवस, म्हणजे महिन्याला साडेपाच तास. ही झोप रेल्वेने खाल्ली असे आपण म्हणतो, पण ती लेटमार्कच्या नियमाने खाल्ली आहे. उशीर झाला तर तेवढाच वेळ संध्याकाळी थांबून भरून देण्याची सोय केली, तर त्यातला बराच वेळ दुसऱ्या दिवसापासून परत मिळतो. त्यासाठी एकही रूळ टाकावा लागत नाही.

रूळ टाकूनही गर्दी का हटत नाही, याचे उत्तरही निघण्याच्या वेळेतच आहे. विल्यम व्हिक्री या अर्थशास्त्रज्ञाने, ज्यांना १९९६ मध्ये नोबेल मिळाले, १९६९ मध्ये एक साधी मांडणी केली. अरुंद जागेतून सगळ्यांना एकाच वेळी पार व्हायचे असेल तर प्रत्येक जण दोन त्रासांत तडजोड करतो: गर्दीत अडकणे, किंवा नको तितके लवकर निघणे. अरुंद जागा रुंद केली की गर्दीचा काळ आक्रसतो. जे आधी फार लवकर निघत होते ते थोडे उशिरा निघू लागतात आणि ऐन वेळेची दाटी जवळजवळ तशीच दिसते.

ठाणे ते दिवा पाचवी आणि सहावी मार्गिका फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाली तेव्हा बऱ्याच प्रवाशांची तक्रार हीच होती की ८.३० च्या गाडीत काय फरक पडला. त्या गाडीत फरक पडेल असे मानणेच चूक होते. गर्दी टाळायला ६.३० ची गाडी पकडणारा माणूस ७.१५ च्या गाडीत सरकला का, हा खरा प्रश्न होता. तो सरकला असेल तर प्रकल्पाने त्याला रोज पाऊण तास दिला. नसेल तर दिला नाही. निघण्याच्या वेळेची आधीची आणि नंतरची नोंद नसल्यामुळे हे सांगता येत नाही, आणि हजारो कोटींच्या पुढच्या प्रकल्पांचाही हिशेब असाच अर्धवट राहणार आहे.

कार्यालयांच्या वेळा मागेपुढे करा ही सूचना नवी नाही. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळच्या वळणावर शेजारून जाणाऱ्या दोन लोकलच्या दारांत लटकलेले प्रवासी खाली पडले आणि त्यात जीव गेले, तेव्हा ती पुन्हा जोरात पुढे आली. त्याआधी मध्य रेल्वेने शहरातल्या शेकडो आस्थापनांना पत्रे पाठवून विनंती केली होती, आणि नोव्हेंबर २०२३ पासून आपल्या मुंबईतल्या कर्मचाऱ्यांसाठी दोन वेगळ्या वेळा ठेवल्या. पाऊल योग्य होते. पण विनंतीला प्रतिसाद थोडका मिळतो, आणि याचे कारण कंपन्यांचा आडमुठेपणा एवढेच नाही. एखाद्या कंपनीने एकटीने वेळ बदलली तर त्रास तिचा एकटीचा असतो, बँक, ग्राहक, पुरवठादार यांच्याशी मेळ बसत नाही, आणि रिकामी झालेली जागा मात्र दुसऱ्यांना मिळते. अशी कामे नुसत्या विनंतीने होत नाहीत. कोणा मोठ्याने आधी हलावे लागते.

सरकारने वेळेवर हात घातल्याचे उदाहरण आहे, फक्त ते उलट बाजूने आहे. १ फेब्रुवारी २०२१ पासून सर्वसामान्यांना लोकल खुली झाली ती पहिल्या गाडीपासून सकाळी ७ पर्यंत, दुपारी १२ ते ४, आणि रात्री ९ नंतर. नोकरदाराने ९.४५ ला कामावर हजर व्हायचे आणि ७ च्या आत गाडीत चढायचे. प्रवाशावर वेळ लादली गेली, कार्यालयावर नाही. माणसे सकाळी पावणेसातला गाडीत बसून कार्यालयाच्या बाहेर दीड-दोन तास घालवत होती. वेळेचे बंधन घालायचेच असेल तर ते दाराच्या कोणत्या बाजूला घालायचे, हे त्या महिन्यांनी शिकवायला हवे होते.

हे शहर कधी काळी पाळ्यांवर चालत होते. गिरण्यांची पहिली पाळी, दुसरी पाळी, रातपाळी, आणि कामगार बहुतेक चालत जाण्याच्या अंतरावर. १९८२ च्या संपानंतर ती घड्याळे एकेक बंद पडत गेली, माणसे कल्याण, अंबरनाथ, नालासोपारा, विरारला सरकली, आणि त्यांच्या जागी आलेल्या कचेऱ्यांनी सगळ्यांना ९ ते १० या एकाच तासात आणून बांधले. गिरणीतले जिणे सुखाचे होते असे कोणी म्हणणार नाही, पण मुंबईला एकाच वेळी कामावर जाण्याची सवय पूर्वापार आहे हा समज खोटा आहे.

आता वेळा मागेपुढे करण्यातली खरी गुंतागुंत. वर्तमानपत्रांतून सूचना येते की दक्षिण मुंबईतली कार्यालये अर्धा तास उशिरा उघडा. ऐकायला सोपे आहे. पण गर्दी कार्यालयाच्या दारात होत नाही, ती ठाणे, कुर्ला, दादरला होते, म्हणून हिशेब तिथे करावा लागतो. फोर्टातल्या कर्मचाऱ्याला ९.४५ ला हजर व्हायचे तर ९.२० पर्यंत सीएसएमटीला उतरले पाहिजे. जलद गाडीला ठाण्यापासून पाऊण तास, आणि थोडे हाताशी. म्हणजे तो ठाणे साधारण ८.३० ला ओलांडतो. बीकेसीत (वांद्रे-कुर्ला संकुलात) ९.४५ ला हजर होणारा कुर्ल्याला उतरतो, बाहेर शेअर रिक्षाची रांग धरून २५ ते ३० मिनिटे लागतात, म्हणजे ९.१५ ला कुर्ला आणि ८.५० च्या सुमारास ठाणे. आज या दोघांत वीस मिनिटांचे अंतर आपोआप पडलेले आहे. फोर्ट अर्धा तास पुढे ढकलले की तिथला कर्मचारी ९ ला ठाण्यात येऊन बीकेसीच्या गर्दीत मिसळतो. गर्दी कमी होण्याऐवजी वाढते!

म्हणून दूरच्या टोकाची कार्यालये एक तर चांगली तासभर अलीकडे आणायला हवीत किंवा तासभर पलीकडे न्यायला हवीत. अर्ध्या तासाने काम बिघडते. पश्चिम रेल्वेवरही चर्चगेट आणि अंधेरी यांचे नाते असेच आहे, फक्त अडणाऱ्या जागा वेगळ्या. ऐरोली, महापे, तुर्भ्याकडे जाणारी ठाणे-वाशी मार्गावरची माणसे ठाण्यापर्यंत त्याच मुख्य मार्गाने येतात, त्यांचा हिशेब वेगळा मांडावा लागेल. एकच आदेश काढून सगळ्या शहराची वेळ सरसकट सरकवणे म्हणजे दाटी जशीच्या तशी उचलून दुसऱ्या तासात ठेवणे.

किती माणसे हलली तर पुरे? जलद मार्गावर चार मिनिटांनी एक गाडी धरली तर तासाला १५ गाड्या. बारा डब्यांच्या गाडीत ऐन गर्दीत साडेचार हजार माणसे धरली तर तासाला ६७,५००. त्यातली दहा टक्के शेजारच्या तासांत गेली तर पावणेसात हजार, म्हणजे दीड गाडी. ऐन गर्दीच्या तासात दीड जादा गाडी घुसवायला आज रेल्वेकडे जागाच नाही. शिवाय गर्दी कमी झाली की गाडी स्टेशनात कमी थांबते. ठाणे किंवा दादरला चढणे-उतरणे लांबले की मागची गाडी सिग्नलवर उभी राहते, तिच्यामागची तिच्यामागे. दहा टक्क्यांचा परिणाम दीड गाडीपुरता राहत नाही, तो वक्तशीरपणात उतरतो, आणि वक्तशीरपणा सुधारला की ती राखीव १५ मिनिटे आपोआप कमी होतात.

रेल्वेलाही तिच्या बाजूने हलावे लागेल, हे फारसे बोलले जात नाही. सकाळची गर्दी ओसरली की काही गाड्या देखभालीसाठी कुर्ला, कळवा, सानपाडा, कांदिवली, विरारच्या कारशेडमध्ये जातात. गाड्यांची लिंक (कोणती गाडी दिवसभरात कोणत्या फेऱ्या करणार याचा तक्ता), मोटरमन आणि गार्डच्या ड्युट्या, सगळे त्या बेताने बसवलेले असते. कार्यालये १०.४५ ची झाली आणि गाड्या मात्र जुन्याच वेळी शेडला गेल्या, तर ज्यांनी वेळ बदलली त्यांनाच कमी गाड्या मिळतील आणि दोन महिन्यांत सगळे जुन्या वेळेवर परततील. बेस्टच्या बसगाड्यांचेही तेच. म्हणून कार्यालयांच्या वेळा आणि वेळापत्रक एकाच दिवशी बदलले पाहिजे.

तिकिटाच्या दरातून हे साधेल का? सिंगापूरने जून २०१३ मध्ये शहराच्या मध्यभागी सकाळी ७.४५ च्या आत बाहेर पडणाऱ्यांचा मेट्रो प्रवास फुकट केला. सुमारे ७ टक्के प्रवासी ऐन गर्दीतून हलले. दिल्ली मेट्रो कार्डावर सकाळी ८ पूर्वी, दुपारी १२ ते ५ आणि रात्री ९ नंतर १० टक्के जादा सूट देते. मुंबईच्या लोकलला हा मार्ग फारसा उपयोगी नाही. मासिक पास साधारण १५ एकेरी फेऱ्यांच्या भाड्यात मिळतो, द्वितीय श्रेणीला काही शे रुपये. त्यात दहा टक्के सूट म्हणजे महिन्याला चहाचे पैसे, आणि समोर कापली जाणारी रजा एका दिवसाच्या पगाराची. मुंबईत वेळेची किंमत मस्टर आकारते, म्हणून सूटही मस्टरनेच दिली पाहिजे.

मालकाने सूट दिली तर काय होते याचे भारतातलेच उदाहरण आहे. स्टॅनफर्डचे प्राध्यापक बालाजी प्रभाकर यांनी २००८-०९ मध्ये बंगळुरूत इन्फोसिसच्या सुमारे १४,००० कर्मचाऱ्यांबरोबर सहा महिने एक प्रयोग केला. सकाळी लवकर पोहोचणाऱ्याला गुण, आणि गुणांवर सोडतीत रोख बक्षीस. ८ च्या आत पोहोचणाऱ्या बसप्रवाशांची संख्या जवळपास दुप्पट झाली आणि सकाळच्या प्रवासाची सरासरी ७१ मिनिटांवरून ५४ वर आली. मालकाने मनावर घेतले तर सहा महिन्यांत सतरा मिनिटे मिळतात.

मात्र लवकर या, एवढाच आग्रह धरला तर घरे मोडतील. महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवू नयेत असे सांगितले. मुलांच्या झोपेसाठी निर्णय बरोबर होता. पण ज्या आईला ७.१० ला घर सोडायचे आहे तिला ९ ची शाळा म्हणजे शेजारणीवर किंवा पाळणाघरावर आणखी दोन तासांचा भार. पाणी सकाळी ठरावीक वेळीच येते, अशा वस्त्यांत ते भरण्याआधी बाहेर पडता येत नाही. उलट १०.४५ ला येऊन ७.१५ ला सुटायचे, तर बदलापूरला उतरायला रात्रीचे नऊ वाजून जातात, तोवर शेअर रिक्षा विरळ होतात आणि रस्ता अंधारा असतो. शासनाने २०२० मध्ये पाच दिवसांचा आठवडा करताना मुंबईतल्या कार्यालयांची सुटण्याची वेळ ५.३० वरून ६.१५ केली. सकाळची ९.४५ तशीच ठेवली. दुसरी सुट्टी मिळाली हे चांगले झाले, पण रोजच्या दिवसाची एक बाजू लांबली आणि ती नेमकी संध्याकाळची, जी लहान मुलांच्या आयांना सर्वांत महाग पडते. म्हणून वेळ कोणती घ्यायची हे कर्मचाऱ्याने ठरवायचे, साहेबाने नाही. ही अट नसेल तर सगळी योजना बायकांच्या आणि कनिष्ठांच्या अंगावर येईल.

यावर आक्षेप येतो की परिचारिका, दुकानातली माणसे, सफाई कामगार, घरकाम करणाऱ्या बायका यांना अशी मुभा मिळणे शक्य नाही. खरे आहे. पण ज्यांना हलता येते ते हलले तर गाडीत जागा यांनाच होते. मंत्रालय आणि महापालिकेतला टेबलावरचा कर्मचारी ८.३० ऐवजी ९.३० ला ठाणे ओलांडेल, तेव्हा केईएमला पाळीवर जाणारी परिचारिका डब्यात आत उभी राहू शकेल.

खासगी आस्थापनांना कायद्याची अडचण नाही. दुकाने व आस्थापनांच्या २०१७ च्या कायद्यात कामाच्या तासांना मर्यादा आहे, कार्यालय किती वाजता उघडावे याचे बंधन नाही, आणि स्त्रियांसाठी संमतीविना कामाची मर्यादा सकाळी ७ ते रात्री ९.३० इतकी रुंद आहे. अडचण सवयीची आहे: सगळे एकाच वेळी समोर दिसले की काम चालू आहे असे वाटते.

सुरुवात राज्य सरकारने स्वतःच्या मुंबईतल्या कार्यालयांपासून करावी. येण्याची वेळ ८.१५ ते १०.४५ मध्ये कर्मचाऱ्याने निवडायची, निवड तीन महिने कायम. ११ ते ४ सगळे हजर. दिवसाचे साडेआठ तास तेच, आठवड्याचे साडेबेचाळीस, हिशेब आठवड्याचा. बायोमेट्रिक यंत्र येण्या-जाण्याची वेळ आधीच नोंदवते, त्यामुळे रोजचा लेटमार्क ठेवण्याचे कारण उरत नाही. जनतेशी थेट काम असलेल्या खिडक्या, आवक-जावक, मंत्री कार्यालये यांना आळीपाळीचा तक्ता. निवडीची आकडेवारी स्टेशनवार मध्य आणि पश्चिम रेल्वेला द्यायची, म्हणजे लिंक बदलताना त्यांना अंदाजावर चालावे लागणार नाही. सहा महिन्यांनी महापालिका, सरकारी बँका आणि विमा कंपन्या, मग पाचशेपेक्षा जास्त माणसे असलेली खासगी कार्यालये.

आणि मोजणी. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. अंतर आणि साधन यांच्या जोडीला दोन रकाने वाढवावेत: घर सहसा किती वाजता सोडता, आणि दारापासून दारापर्यंत किती मिनिटे. प्रगणकाला त्यासाठी अर्धे मिनिटही जास्त लागणार नाही. ते जमले नाही तर मुंबई महानगर प्रदेशासाठी तिथल्या विकास प्राधिकरणाने (एमएमआरडीए) दर दोन वर्षांनी ही पाहणी करावी, आणि ती स्टेशनवार, स्त्री-पुरुष वेगळी, घर सोडण्याची वेळ पंधरा-पंधरा मिनिटांच्या टप्प्यांत अशी प्रसिद्ध करावी. नवी मार्गिका, नवी मेट्रो, नवे वेळापत्रक यांपैकी काहीही मंजूर करताना त्यामुळे बदलापूर, टिटवाळा, विरार आणि पनवेलची माणसे किती मिनिटे उशिरा घर सोडू शकतील, हा आकडा प्रस्तावाच्या पहिल्या पानावर असायला हवा.